रस्ता दूर गेला, गाव उरलं

इटलीतल्या डोंगरगावांची सफर गाडीत बसून सुरू करू नये. ती सिएना शहरात, एका भिंतीसमोर उभं राहून सुरू करावी. सिएनाच्या मुख्य चौकात पालाझ्झो पुब्लिको ही जुनी नगरसभेची इमारत आहे. शहराचा कारभार पाहणारे नऊ जण तिथल्या एका दालनात बसत. आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८ आणि १३३९ या वर्षांत त्या दालनाच्या तीन भिंती रंगवल्या. चांगला कारभार असला की काय होतं आणि वाईट असला की काय होतं, हा चित्रांचा विषय.

चांगल्या कारभाराच्या भिंतीवर डाव्या बाजूला शहर आहे, उजव्या बाजूला शेतंभातं, आणि दोन्हींच्या मधोमध वेस. वेशीतून एक रस्ता वळत वळत खाली उतरतो. घोड्यांवर बसलेली श्रीमंत मंडळी ससाणा घेऊन शिकारीला निघाली आहेत. समोरून एक शेतकरी आपलं डुक्कर हाकत शहराकडे चढतो आहे. ओझी लादलेली खेचरं आहेत, पुढे कापणी आणि मळणी चालली आहे. या सगळ्यांच्या डोक्यावर पंख असलेली एक स्त्री तरंगते. तिचं नाव सुरक्षा. तिच्या एका हातात आश्वासनाचा लेख आहे आणि दुसऱ्या हातात फाशीचा लहानसा सांगाडा: या रस्त्याने कोणीही निर्धास्त जावं, वाटमारी करणाऱ्याचं काय होईल ते समोर दिसतंच आहे. समोरच्या भिंतीवर वाईट कारभार आहे. तिथे शेतं उजाड पडली आहेत आणि वेशीवर तलवार घेतलेली भीती उभी आहे.

चांगलं राज्य ओळखायचं कशावरून, तर त्याचे रस्ते निर्धोक आहेत का यावरून, असं सातशे वर्षांपूर्वीच्या या शहराने स्वतःच्या कचेरीच्या भिंतीवर रंगवून ठेवलं. हे चित्र पाहून वेशीबाहेर पडलं की दिसणारा मुलूख ओळखीचा वाटू लागतो. त्याच गोलसर टेकड्या, तीच पट्ट्यापट्ट्यांची शेतं, आणि प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर दगडी घरांचा एकेक पुंजका. या प्रदेशातलं व्हाल दोर्चा हे खोरं २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. चांगल्या कारभाराची जी कल्पना सिएनाच्या चित्रकारांनी रंगवली, तिच्यानुसार माणसाने घडवलेली जमीन म्हणून त्याची नोंद झाली.

पण माणसं एवढ्या उंचावर राहायला गेली कशासाठी? पाणी खाली, सुपीक माती खाली, आणि घर मात्र वर. रोज शेतावर उतरायचं आणि संध्याकाळी थकल्या पायांनी चढायचं. लुटारू आणि सैन्यं यांच्यापासून बचाव, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. दुसरं कारण तापाचं. टस्कनी आणि उंब्रिया या प्रांतांतल्या बऱ्याच दऱ्या पूर्वी दलदलीच्या होत्या. व्हाल दी किआना हे आजचं भरघोस पिकाचं खोरं शतकानुशतकं पाणथळ होतं. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या नकाशात तिथे लांबच लांब सरोवर दिसतं. त्याचा निचरा पूर्ण व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. खालची हवा वाईट, ती अंगाला लागली की ताप येतो, असा लोकांचा समज होता. वाईट हवेला इटालियनमध्ये ‘माला आरिया’ म्हणतात; मलेरिया हा शब्द तिथूनच जगभर गेला. डासाचं कोणाला ठाऊक नव्हतं, पण वर राहणारा वाचतो हे पिढ्यांच्या अनुभवाने कळलं होतं. ख्रिस्तपूर्व काळातल्या एट्रुस्कन लोकांनी व्होल्तेरा, कोर्तोना, पेरुजा, ओर्व्हिएतो ही ठिकाणं निवडली आणि नंतरच्यांनी त्याच माथ्यांवर घरांवर घरं चढवली.

म्हणून या भागात जुना रस्ता हा नेहमी दोन ओढींमधला समझोता असतो. गावाला उंची हवी आणि वाटसरूला सपाटी. हा समझोता जोवर टिकला तोवर गाव भरभराटीला आलं. तो मोडला आणि वाटसरू खालून जाऊ लागला, तेव्हा गाव जिथल्या तिथे थांबलं. आज आपण ज्याला सौंदर्य म्हणतो, ते बरंचसं या थांबण्यातून उरलेलं आहे.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण सान जिमिन्यानो. सिएनाहून वायव्येला गाडीने जेमतेम तासाभराचा रस्ता. शेवटच्या काही किलोमीटरांत द्राक्षमळ्यांमागून एकदम मनोरे वर येतात, वळणावर दडतात, पुन्हा दिसतात. मध्ययुगात व्हिया फ्रांचिजेना हा यात्रामार्ग या गावातून जात असे. इंग्लंडमधल्या कँटरबरीपासून रोमपर्यंतची ही वाट. आर्चबिशप सिगेरिक ९९० च्या सुमारास रोमहून परतताना तिच्यावरच्या आपल्या मुक्कामांची यादी ठेवून गेला, आणि त्या यादीत सान जिमिन्यानो आहे. यात्रेकरू आले, त्यांच्यामागे व्यापारी आले. गावाने केशराच्या व्यापारात पैसा कमावला, सावकारी केली, आणि श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कडी करण्यासाठी घरांवर मनोरे चढवले. असे बहात्तर मनोरे होते, असं सांगतात. नगरसभेच्या मनोऱ्यापेक्षा उंच कोणी बांधायचं नाही, असा नियमच करावा लागला. नगरसभेचा सर्वांत उंच मनोरा, तोर्रे ग्रोस्सा, ५४ मीटरांचा आहे आणि तो १३११ मध्ये पुरा झाला.

त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांत सगळं संपलं. १३४८ मध्ये प्लेग आला. गावातली माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. १३५३ मध्ये उरलेल्यांनी फ्लॉरेन्सचं मांडलिकत्व पत्करलं. वाहतूकही हळूहळू खालच्या खोऱ्यातून जाऊ लागली. फ्लॉरेन्समध्ये, सिएनात, बोलोन्यात मनोरे पाडून त्या जागी नवे वाडे उठले, कारण तिथे पैसा होता. सान जिमिन्यानोकडे पाडायलाही पैसा नव्हता. तिथे आज चौदा मनोरे उभे आहेत, आणि १९९० पासून गाव जागतिक वारशात आहे.

त्या प्लेगने सिएनालाही सोडलं नाही. शहराने १३३९ मध्ये आपलं कॅथेड्रल दुपटीने वाढवायला घेतलं होतं. ते काम थांबलं ते कायमचंच. नियोजित दर्शनी बाजूची एकटी, प्रचंड भिंत आजही उभी आहे. तिच्या माथ्यावर चढता येतं आणि तिथून सगळा मुलूख दिसतो. लोरेन्झेत्तीही बहुधा याच साथीत गेला. त्याच्या चित्रातली सुरक्षा माणसांपासून वाचवणारी होती. रोगासमोर तिचं काही चाललं नाही.

सान जिमिन्यानोहून नैर्ऋत्येला व्होल्तेराचा रस्ता पकडला की मुलूख बदलतो. द्राक्षमळे मागे पडतात, झाडी विरळ होते, टेकड्या उघड्या आणि वाऱ्याच्या होतात. पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरचं हे शहर लांबून करडं आणि कठोर दिसतं. माझ्या मते संपूर्ण टस्कनीत मनाला इतकं भिडणारं दुसरं गाव नाही, आणि त्याचं कारण तिथली एक वेस आहे. पोर्ता आल्लार्को या एट्रुस्कन वेशीच्या कमानीवर झिजून ओळखू न येणारी तीन दगडी मुंडकी आहेत. वेस दोन हजार वर्षांहून जुनी. १९४४ च्या जूनअखेर माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शत्रूची वाट अडवण्यासाठी ती सुरुंगाने उडवायचं ठरवलं. गावकऱ्यांनी विनवणी केली की वेस पाडू नका, आम्हीच ती बुजवून देतो. त्यांना एका दिवसाची मुदत मिळाली. बायका, मुलं, म्हातारे सगळे बाहेर आले, वेशीजवळच्या रस्त्याची फरसबंदी हातांनी उखडली आणि ते दगड रचून कमान भरून टाकली. वेस वाचली. वेशीजवळची पाटी ही हकिकत सांगते. तिथे गाडी नेता येत नाही. खालून चढत या आणि त्या फरसबंदीवर पाय ठेवा.

आता दक्षिणेकडे वळू. सिएनाहून आस्चानोकडे जाणारा लाउरेताना रस्ता क्रेते सेनेसी या चिकणमातीच्या प्रदेशातून जातो. काही दशलक्ष वर्षांपूर्वी हा समुद्राचा तळ होता. मातीत खार आहे, झाडं फार धरत नाहीत, पाऊस पडला की उतार ओरबाडल्यासारखे दिसतात. एप्रिल-मेमध्ये हा प्रदेश गव्हाने हिरवागार असतो, ऑगस्टमध्ये नांगरलेली ढेकळं राखाडी होऊन पडलेली असतात. पोस्टकार्डांवर हिरवा रंग छापतात. मला ही राखाडी टस्कनी अधिक खरी वाटते. रस्ता इथे डोंगराच्या धारेवरून चालतो, कारण खालची माती सरकते. गाडी चालवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी दरी दिसते ती त्यामुळे. वाटेत घरांकडे जाणाऱ्या सायप्रसच्या रांगा लागतात. त्या निसर्गाने नाहीत, माणसाने लावल्या. पांढऱ्या खडीचे कच्चे रस्तेही लागतील. त्यांना तिथे ‘स्त्रादे ब्यांके’, म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात, आणि त्याच नावाची सायकलशर्यत २००७ पासून भरते.

पुढे पिएन्झा. हे गाव एका माणसाच्या आठवणीतून उभं राहिलं. १४०५ मध्ये कोर्सिन्यानो नावाच्या खेड्यात एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी जन्मला. तो कवी झाला, मुत्सद्दी झाला आणि १४५८ मध्ये दुसरा पायस म्हणून पोप झाला. पुढच्याच वर्षी प्रवासात तो जन्मगावी उतरला आणि बालपणीची माणसं म्हातारी झालेली पाहून हेलावला. त्याने ठरवलं, इथे नवं नगर उभारायचं. बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुकाराने तीनचार वर्षांत चौक, कॅथेड्रल, राजवाडा बांधला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला. तक्रारी पोपपर्यंत गेल्या. पोपने रोस्सेल्लिनोला बोलावलं आणि म्हणाला की खरा आकडा आधी सांगितला असतास तर हे काम कधीच झालं नसतं, बरं झालं लपवलास. वर त्याला बक्षीस दिलं. ही हकिकत पायसने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

कॅथेड्रलमध्ये भरपूर उजेड यावा म्हणून पायसने ते उताराच्या अगदी कडेला बांधून घेतलं. खालची जमीन भुसभुशीत. मागची बाजू तेव्हापासून खचते आहे, आणि आत गेल्यावर जमिनीचा उतार पायांना कळतो. पायस १४६४ मध्ये वारला. पोपच्या दरबारासोबत येणारी वर्दळ थांबली आणि नगर व्हायला निघालेलं पिएन्झा गावच राहिलं. मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज विकणारं, टोकापासून टोकापर्यंत चालायला काही मिनिटं लागणारं गाव.

पिएन्झाच्या दक्षिणेला क्षितिजावर एक काळा सुळका दिसतो. तो रादिकोफानी. त्याच्या अंगाने व्हिया कासिया हा रोमकडे जाणारा जुना मार्ग चढायचा. किल्ल्यात तेराव्या शतकाच्या अखेरीला गीनो दी ताक्को नावाचा सरदार बसला होता, वाटसरूंना धरायचा आणि लुटायचा. बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये त्याची गोष्ट आहे. पोटदुखीवर उपचार करायला गरम झऱ्यांकडे निघालेल्या एका धनाढ्य मठाधिपतीला गीनो पकडतो, भाजलेला पाव आणि पांढरी वाईन एवढंच देऊन कोंडून ठेवतो, आणि मठाधिपतीचं पोट बरं होतं. गोष्ट गोड आहे. सिएनाच्या भिंतीवरच्या त्या स्त्रीच्या हातात फाशीचा सांगाडा का आहे, हे मात्र रादिकोफानीच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर कळतं.

याच घाटांतून मिल्ले मिल्या ही मोटारशर्यत धावायची. ब्रेशियाहून रोम आणि परत, हजार मैल, रोजच्या वापरातल्या सार्वजनिक रस्त्यांवरून. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉसने ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. शेजारी बसलेला डेनिस जेन्किन्सन गुंडाळीवर लिहून आणलेली वळणं हातांच्या खुणांनी त्याला सांगत होता. दोनच वर्षांनी एका गाडीचा टायर फुटला, रस्त्याकडेचे प्रेक्षक मेले आणि शर्यत बंद झाली. त्यानंतर सात वर्षांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, मिलान ते नेपल्स हा महामार्ग पूर्ण झाला. ‘सूर्याचा महामार्ग’ असं त्याचं नाव. त्याने दरी धरली आणि गावं वर ठेवून दिली.

नेमक्या त्याच वर्षी अर्धेलीच्या शेतीचे नवे करार करायला कायद्याने बंदी झाली. मेद्झाद्रिया या पद्धतीत जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, आणि पीक निम्मं निम्मं. टेकडीटेकडीवर एकेकटं घर दिसतं ते अशा कुळांचं. महायुद्धानंतर ही कुटुंबं कारखान्यांकडे निघाली, घरं ओस पडली, गोठ्यांची छपरं बसली. आज तिथे पोहण्याचे तलाव आहेत आणि जगभरचे पाहुणे उतरतात. या निवांतपणावर मलाही प्रेम आहे, पण त्या घरात राहताना लक्षात असावं की इथून कोणीतरी सामान बांधून गेलं होतं.

महामार्गावरून दक्षिणेला जाताना ओर्व्हिएतो दिसतं. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचं सरळसोट पठार आणि त्यावर शहर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे पळून आला. वेढा पडला तर पाण्याचं काय, या चिंतेने त्याने आंतोनियो दा सान्गाल्लोकडून ५३ मीटर खोल विहीर खोदवली. तिच्यात एकमेकांना न भेटणारे दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एकाने खेचर पाण्याला उतरायचं आणि दुसऱ्याने चढायचं; वाटेत अडचण नाही. तिथून जवळच चिव्हिता दी बान्योरेजो आहे. त्याच्या राखदगडाखालची माती धुऊन जाते आणि गावाच्या कडा कोसळतात. १६९५ च्या भूकंपानंतर बहुतेक माणसं निघून गेली. १९६५ मध्ये बांधलेल्या पादचारी पुलाशिवाय तिथे जायला वाट नाही. राहणारी माणसं मोजकीच, आणि पुलावर तिकीट काढावं लागतं.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी कामाचं थोडं. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. गाडी उजवीकडून चालते. जुन्या गावांच्या वेशीवर लाल वर्तुळाची आणि ‘झोना त्राफिको लिमितातो’ अशी पाटी दिसली की आत घुसायचं नाही; कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस महिन्यांनी घरी येते. पांढऱ्या पट्ट्यांत गाडी लावणं बहुधा फुकट, निळ्यांत पैसे, पिवळ्या पट्ट्या राखीव. आणि एका दिवसात चार गावं करू नका. गर्दी सकाळी दहाला येते आणि संध्याकाळी परत जाते. एका गावात मुक्काम केला तर ते गाव सकाळी आणि रात्री तुमचं असतं.

मराठी वाचकाने मात्र एक रस्ता चुकवू नये. पेरुजाहून उत्तरेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून सानसेपोल्क्रोकडे जाणारा. त्या गावात पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं पुनरुत्थानाचं भित्तिचित्र आहे. १९४४ मध्ये टोनी क्लार्क हा ब्रिटिश अधिकारी गावावर तोफा डागत होता. जगातलं सर्वोत्तम चित्र याच गावात आहे, असं आल्डस हक्सलीने लिहिलेलं त्याने कधीतरी वाचलं होतं. ते आठवलं आणि त्याने मारा थांबवला.

त्याच उन्हाळ्यात, त्याच खोऱ्यात, भारतीय तुकड्या एकेक माथा चढत होत्या. ज्या उंचीने ही गावं शतकानुशतकं राखली, तीच आता मशीनगनना आसरा देत होती. १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढे सरकत असताना अगदी जवळून गोळीबार झाला. तुकडीतले सगळे पडले, घाडगे एकटे उरले. त्यांनी ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपलं, आणि गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तुटून पडले. ठाणं पडलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी घाडगेही. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ठाऊक नाही. नाव कास्सीनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, आणि पुतळा रायगड जिल्ह्यात, त्यांच्या माणगाव तालुक्याच्या ठिकाणी आहे.

या खोऱ्यात मोन्तोने नावाचं छोटं डोंगरगाव आहे. मुख्य रस्ता सोडून वळणांनी वर चढावं लागतं. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गावाने घाडगे यांच्या नावाचं स्मारक उभारलं. ते एक सूर्यघड्याळ आहे, आणि त्याच्यावरच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ आहे, आपण सारे एकाच सूर्याखाली.